कथलाची दाढी

श्वासयंत्रांच्या कारखान्यात मुलाम्यातलं शिसं काढून नुसतं कथील वापरायला लागले, आणि वर्षभरात सर्किट बोर्डांवर धातूचे बारीक केस उगवले. "साहेब, ब्रश अजिबात लावू नका. तुटलेले केस आतच पडतील आणि शॉर्ट होईल. बोर्डच बदलायला हवेत," इंजिनिअर मॅडमनी बजावलं.

"कथलाला केस फुटले म्हणे! मग दाढी करा त्याची," साहेब खेकसले. साहेबांना यंत्रातलं एवढंच कळायचं, ते चकाकतंय की नाही. खरेदीसाठी उद्या डॉक्टर येणार म्हणून त्यांनी समोर उभं राहून एकूण एक बोर्ड घासून घेतला. एक यंत्र मॅडमनी तपासणीसाठी सतत चालू ठेवलं होतं. ते काही त्यांनी साहेबांना उघडू दिलं नाही.

"तुमच्यासारखंच हट्टी दिसतंय! ढकला पडद्यामागे. पाहुण्यांना ते ध्यान दिसायला नको."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मोठ्या ऐटीत यंत्रं सुरू केली. एकामागून एक सगळी गचकली. खोली चिडीचूप झाली, आणि पडद्यामागून संथ श्वास ऐकू येऊ लागला.

"तिकडे कुठलं यंत्र चालू आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

मॅडमनी साहेबांकडे बघतच पडदा सारला.



"याची दाढी करायची राहिली."