ओले खिळे

इजिप्तमधल्या आमच्या दमिएत्ता शहरात कोच मढवणारा कारागीर खिळे तोंडात धरतो. मूठभर बारीक खिळे गालात कोंबायचे, जिभेने एकेक पुढे सारायचा आणि हातोडीने ठोकायचा. बाबा तर तसेच बोलायचेसुद्धा. कुणाला काही कळायचं नाही.

इन्शिराहमावशींचा कोच बाबांनीच त्यांच्या लग्नात मढवला होता. त्यानंतर त्याला कुणी हात लावला नव्हता. बाबांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली; आज तो नव्याने मढवायला मी आलो होतो.

"जपून हं, शुक्री," भर दुपारी चहा ठेवत मावशी म्हणाल्या. "माझ्या नवऱ्यापेक्षा जास्त टिकलाय तो."

मी हसत हसत कापडाच्या कडेचा पहिला खिळा उपटला. तो ओला होता.

हवा दमट आहे, म्हटलं, आणि दुसरा उपटला. तोही ओला. लाळेसारखा चिकट, कोमट. पुढच्याला लवंगेचा वास येत होता. बाबा दिवसभर लवंग चघळायचे.

उपटलेला प्रत्येक खिळा मी शेजारच्या बशीत टाकत होतो. आता बशीकडे पाहिलं, तर ती रिकामी होती.

"मावशी!" मी ओरडलो. "हा कोच मधे कुणी उघडला होता का? खरं सांगा!"

मावशी स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या, माझ्याकडे बघून हसायलाच लागल्या.

"अगदी बापावर गेलायस रे! आधी तोंडातले खिळे काढ, मग बोल. एक अक्षर कळलं तर शप्पथ!"