चौदा नंबरचा सा

चौदा नंबरची बाई खोटी होती. सरांना आता तिळमात्र शंका उरली नव्हती.

त्यांनी तक्ता टेबलावर आपटला. समोर त्यांची विद्यार्थिनी उभी होती, पाच वर्षं एकाच प्रबंधाला चिकटलेली. विषय होता धूळ, दम आणि सूर. सिमेंट कारखान्यामागच्या वस्तीतल्या (प्राध्यापकांची घरंही तिथलीच) तीस बायका रोज सकाळी खिडकीशी उभ्या राहून एका दमात सा लावत, मोबाइलवर टिपून पाठवत. दम किती सेकंद टिकला ते संगणक मोजायचा. बायकांची नावं दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या कुलपात होती. इथे नुसते नंबर. एका प्रबंधाला मार्गदर्शक तीन. डॉक्टर दम बघायचे, पर्यावरणाच्या बाई धूळ बघायच्या आणि सर सूर. म्हणजे बघायचे तिघंही तक्तेच.

"वर्षात बावीस सेकंदांचे आठ? आणि एवढे शिस्तीत? दर महिन्याला एक पायरी खाली?"

"सर, आकडे मी बनवले नाहीत."

ती खाली बघत होती. चोराच्या मनात चांदणं, सर मनात म्हणाले. कुलगुरूंना लिहिलेलं तक्रारीचं पत्र खणात तयार होतं. फक्त सही राहिली होती. एक सही, की पाच वर्षं पाण्यात.

"अगं, एवढा दम तुटला तर माणूस जिना चढताना तीनदा थांबतं. तिच्या घरी काय आंधळे-बहिरे राहतात? कुणाच्या लक्षात येत नाही?"

"मलाही तीच काळजी आहे, सर. नर्सबाईंकडून दोनदा निरोप पाठवला, तपासायला या म्हणून. चौदा नंबरच्या बाईंचं उत्तर आलं, घरी यांची परीक्षेच्या कामाची गडबड आहे, मग बघू."

"गोष्टी रचण्यात हुशार आहेस. आवर आता."

'आवर आता' हे सरांचं ठेवणीतलं वाक्य. वर्गात पोरं त्यांची नक्कल करायची ती याच दोन शब्दांनी.

तिने मात्र आवरलं नाही. "तुम्ही ऐकून बघा ना. आमच्या नियमाप्रमाणे मला ऐकायची परवानगी नाही. सूर तपासायचा अधिकार तुमचा एकट्याचा. वर्षभर फाइल पाठवतेय, एकदाही उघडलेली दिसत नाही."

हे जरा झोंबलं. पण हातच्या काकणाला आरसा कशाला? चौदा नंबर म्हणून हीच गात असणार, आवाज ऐकला की चोरी उघडी. सरांनी परवाची फाइल उघडली आणि आवाज मोठा केला.

सा लागला. बारीक होता, पण जागच्या जागी, केसभरही न हललेला. सरांची मान नकळत डोलली. मग थांबली. हा सूर विद्यार्थिनीचा नव्हता. सहाव्या सेकंदाला तो थरथरला, आठव्याला तुटला. बाईने धापा टाकत श्वास घेतला, पुन्हा सा लावायला गेली. तेवढ्यात आतल्या खोलीतून एक वैतागलेला पुरुषी आवाज आला आणि विद्यार्थिनीने चमकून सरांकडे पाहिलं.

"अगं, किती वेळ तेच तेच! मी पेपर तपासतोय ना? आवर आता."