नैवेद्याची खोली

पिंपरीच्या औषधाच्या नव्या कारखान्यात सोजराबाई कुप्या भरायच्या. कुप्या भरायच्या खोलीत जाण्याआधी त्या अंघोळ करत, धुतलेलं पातळ नेसत, तोंडाला फडकं बांधत आणि आत गेल्यावर चकार शब्द बोलत नसत. घरी नैवेद्य रांधायच्या, अगदी तशाच. त्यांच्या हातची एकही कुपी आजवर नासली नव्हती.

त्या दिवशी दिल्लीहून विज्ञान अकादमीचे अध्यक्ष आले. जंतू दूर ठेवणारी स्वच्छता कामगार बायकांना कशी शिकवावी, याचा अहवाल त्यांना सरकारला द्यायचा होता. कोटावर पदक, मागे दहा साहेब. ते खोलीच्या दाराशी येताच सोजराबाईंनी हात आडवा धरला.

"असं आत जाऊ नगा, सायेब. आधी अंघोळ करून या."

मॅनेजरांना घाम फुटला. "बाई, नोकरी नकोशी झालीय का?"

घरात कमावणाऱ्या सोजराबाई एकट्याच. तरी हात खाली आला नाही.

"तुम्ही जंतू कधी पाहिलाय?" अध्यक्षांनी विचारलं.

"न्हाई जी. द्येव तरी कुटं बघितलाय?"

अध्यक्ष मागे वळले.

अर्ध्या तासाने ते परत आले. पाय अनवाणी, केस ओले, अंगावर धुतलेलं धोतर. कोट आणि पदक बाहेरच राहिलं होतं. तोंडाला फडकं बांधून ते उंबऱ्याशी थांबले, आणि इथे बोलायचं नसतं म्हणून त्यांनी नुसत्या डोळ्यांनी विचारलं, येऊ का?

सोजराबाईंनी त्यांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मग दारात पुन्हा आडवा धरलेला हात त्यांनी खाली घेतला.