अर्जदाराची खुर्ची

बायको जुन्या फर्निचरची अभ्यासक. ती गेल्यावर तिची एक खुर्ची न्यायला संग्रहालयातून बाई आल्या. त्यांनी खुर्ची उलटी केली आणि कपाळाला हात लावला.

"काका, हिचे पाय कोणी कापले?"

"छे हो! नुसतं ओलं फडकं लावलं तरी ती माझ्यावर खेकसायची."

"चांगले चार बोटं कापलेत. वर पॉलिशही केलंय. मॅडमनीच कापले असतील का?"

"तिला कशाला लागतंय? ती माझ्यापेक्षा उंच होती."

माझं डोकंच चालेना. बाईही गोंधळल्या होत्या.

"अहो, मॅडमचं अख्खं पुस्तक या खुर्चीवर आहे. सरकारी कचेरीत अर्जदाराला हिच्यावर बसवायचे. मुद्दाम उंच केलेली. साहेबापुढे त्याचे पाय लटकत राहावेत, आपण लहान आहोत असं त्याला वाटावं, म्हणून. आता लोकांना दाखवायचं काय?"

खुर्ची घरात आली त्या दिवशी तिनं आधी मलाच बसवलं होतं, आणि माझे पाय जमिनीला टेकतात का, ते खाली वाकून पाहिलं होतं.