खोकला न येणाऱ्या बायका

मशरूमच्या शेडच्या दारात मुकादम रोज सकाळी प्रत्येकीला बुरशीची पूड हुंगायला लावायचा. जी खोकली, तिचा खाडा. खोकला येऊ नये म्हणून कंपनी देते ती सुई घेतल्यापासून सहा वर्षांत अनसूया एकदाही खोकली नव्हती, आणि ते ती चारचौघींत मिरवायची.

हल्ली दम लागतो म्हणून काढलेला तिच्या छातीचा फोटो आज डॉक्टर नदाफांनी उजेडासमोर धरला. दोन्ही फुप्फुसांत बुरशीचं पांढरं जाळं पसरलं होतं.

"पण साहेब, मला कधी साधी कणकणसुद्धा आली नाही!"

"कशी येईल? शरीरातल्या राखणदार पेशी जंतूचा तुकडा आणून लढणाऱ्या पेशींना दाखवतात आणि सोबत धोक्याची हाळी देतात. बुरशीपुरती ती हाळी त्या सुईनं बंद केली, म्हणून खोकला नाही, तापही नाही. आता तुकडा दिसला तरी लढणाऱ्या पेशी त्याला घरचाच समजतात."

"मग करा की त्यांना जाग्या."

"आता जागवल्या, तर बुरशीबरोबर फुप्फुसंही फाडतील, अनसूयाबाई."

ती घरी पोचली तेव्हा लेक केशर दारातच उभी होती. तिनं आठवड्यापूर्वीच सुई घेतली होती आणि आज तिचा शेडवरचा पहिला दिवस होता.

"आई, मूठभर हुंगलं, पण ठसकासुद्धा लागला नाही!"

सुई अजून अंगात मुरली नसेल, या आशेनं अनसूयेनं खुंटीवरची आपली कामाची, पुडीनं माखलेली साडी ओढली आणि लेकीच्या नाकाशी धरली.

"खोक गं. माझ्यासाठी एकदा तरी खोक."

केशरनं खोल श्वास घेतला आणि ती खुदकन हसली.