भिंतीवरचा हिरवा पतंग

सुहासिनी खानोलकरांनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर बसलेल्या हिरव्या पतंगाचे अकरा फोटो ऑनलाइन कीटककोशाला पाठवले. कोशाने सगळे फेटाळले. "ही जात नामशेष आहे. फोटो कुणीही बनवतं. नमुना पाठवा."

"अगं, जिवंत आहे ना? मग बसू दे की बिचाऱ्याला," नवरा म्हणाला.

"घरामागचं रान तोडायला निघालेत. कोशात नोंद झाली तरच ते वाचेल."

त्यांनी पतंग डबीत घालून फ्रीजरमध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी पंख नीट पसरून, टाचणी टोचून कुरियर केला.

आठवड्याने उत्तर आलं. "अभिनंदन! तुमचा पतंग खरा होता. या जातीचा एक जीव शिल्लक होता, तो मिळाला. आता शिल्लक शून्य. रान तोडायला हरकत नाही."