बनाबाईंची गाठ

“मी ऑपरेशन करत नाई,” बनाबाई म्हणाल्या आणि सुपात तुरीच्या शेंगा सोलत राहिल्या.

अन्नपूर्णा आईसमोर बसली. वडिलांची, माणिकरावांची, तार मिळताच ती मुंबईहून पिंपळगाव राजाला आली होती. खामगावच्या डॉक्टरांनी बनाबाईंच्या छातीतली गाठ पाहून स्पष्ट सांगितलं होतं. कॅन्सर वाटतो, अजून वेळ गेलेली नाही, पण गाठ लगेच काढा. बनाबाईंनी ती दिवाळीआधीपासून लपवली होती. माणिकराव समजावून समजावून थकले आणि ओसरीत जाऊन बसले.

१९६६ सालचा हिवाळा होता. अन्नपूर्णा मुंबईत कॅन्सरवरच संशोधन करत होती. शरीरातल्या पेशींमधून क्षार सतत आत-बाहेर जातात. कॅन्सरच्या पेशीत त्यांच्या या वाटा बिघडतात का, हे तिला शोधायचं होतं. तसं असेल तर रोग आधीच ओळखता येईल. कधीतरी त्या वाटा अडवणारं औषधही निघेल. उन्हाळ्यात घरी आली तेव्हा तिनं हे सगळं आईला सांगितलं होतं. बनाबाई दुसरीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी मन लावून ऐकलं, खोदून खोदून विचारलं. दुसऱ्या दिवशी विहिरीवर त्या सांगत होत्या, “माही पोरगी कॅन्सरचं औषध काढून राह्यली.”

आता ते आठवलं आणि अन्नपूर्णाला वाटलं, आई आपल्या औषधासाठी थांबली आहे.

तिनं सूप बाजूला सरकवलं.

“माय, आयक. माह्यं औषध यवढ्यात निघत नाई. वीस वर्सं लागतीन, तीस लागतीन. निघनबी का नाई, मलेच ठाव नाई. माह्या भरवशावर राहू नको.”

बोलता बोलता ती रडायला लागली. या कामासाठी आईनं भावकीतल्या सगळ्यांशी भांडून तिला मुंबईला पाठवलं होतं.

बनाबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला. बोटांना शेंगांचा हिरवा वास होता.

“रडू नको. औषध निघन तुह्या सवडीनं. त्याची वाट कोन पाहून राह्यलं?”

“मंग ऑपरेशनले नाई काऊन म्हनतं?”

बनाबाईंनी सूप पुन्हा जवळ ओढलं. मग हळूच त्यांनी विचारलं, “कापलेली गाठ डॉक्टर तुले देतीन का?”

“मुंबईत केलं तं देतीन. मी मांगून घेईन. पन काऊन?”

“मंग चाल मुंबईले,” बनाबाई पदर सावरत उठल्या. “तूच म्हनली होती, तुमाले तपासाले गाठी भेटत नाई. इथचा डॉक्टर कापून फेकून देईन, म्हनून तं म्या तुह्यासाठी ठेवली होती.”